विमानाचे वय कशावर ठरते?

प्रवासी विमानाची जन्मतारीख एकच असली, तरी त्याचे वय तीन वेगवेगळ्या मापांनी मोजले जाते. कारखान्यातून बाहेर पडल्यापासून लोटलेली वर्षे हे पहिले, हवेत घालवलेले तास हे दुसरे आणि उड्डाणापासून उतरण्यापर्यंतच्या फेऱ्या हे तिसरे. यांतल्या एका फेरीला विमानदेखभालीच्या व्यवहारात ‘सायकल’ म्हणतात. हे तिन्ही आकडे लागू होतात ते मुख्यतः ‘एअरफ्रेम’ला, म्हणजे धड, पंख आणि शेपूट मिळून होणाऱ्या सांगाड्याला. इंजिन उतरवून दुसरे चढवता येते, चाकांची यंत्रणा ठरावीक मुदतीनंतर पूर्ण खोलून नवी केली जाते, आसने आणि कॉकपिटमधली उपकरणे तर विमानाच्या आयुष्यात अनेकदा बदलतात आणि या प्रत्येक भागाची नोंदवही स्वतंत्र असते. सांगाडा मात्र पहिल्या दिवसापासून भंगारात जाईपर्यंत बहुतांशी तोच राहतो, आणि म्हणूनच ‘जुने विमान’ या शब्दांना जो काही अर्थ आहे तो या सांगाड्यापाशी येऊन ठरतो.

तास आणि सायकल यांत किती अंतर पडू शकते हे दोन विमानांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की दिसते. हवाई बेटांमधल्या अलोहा एअरलाइन्सचे जे बोइंग ७३७ विमान २८ एप्रिल १९८८ रोजी हवेत उघडे पडले, त्याने त्या दिवसापर्यंत ३५,४९६ तास आणि ८९,६८० सायकल पूर्ण केल्या होत्या. न्यूयॉर्कहून पॅरिसला निघालेले टीडब्ल्यूए कंपनीचे जे बोइंग ७४७ विमान १७ जुलै १९९६ रोजी स्फोटाने कोसळले, त्याचे तास होते ९३,३०३ आणि सायकल अवघ्या १६,८६९. पहिल्या विमानाचे सरासरी उड्डाण चोवीस मिनिटांचेही भरत नाही, तर दुसऱ्याचे साडेपाच तासांहून अधिक होते. नुसते तास पाहणाऱ्याला ७४७ हे दोहोंतले अधिक झिजलेले वाटेल. परंतु पत्रा थकून फाटला तो कमी तासांच्या ७३७ चा. टीडब्ल्यूएच्या दुर्घटनेत चौकशीचा रोख मधल्या इंधनटाकीतील ज्वालाग्राही बाष्पाकडे आणि बहुधा टाकीबाहेरच्या विद्युत शॉर्टसर्किटकडे गेला. त्या विमानात संशय आला तो तारांच्या वेष्टनावर. सांगाड्याचा पत्रा थकला, असा निष्कर्ष निघाला नाही.

फेऱ्यांना एवढे महत्त्व येते ते हवेच्या दाबामुळे. विमान दहा-बारा किलोमीटर उंचीवर असते तेव्हा बाहेरची हवा श्वसनाला पुरेशी नसते, म्हणून प्रवाशांच्या कक्षात दाब वाढवून साधारण अडीच हजार मीटर उंचीवरच्या हवेइतका ठेवला जातो. आतल्या आणि बाहेरच्या दाबांतील हा फरक धडाच्या प्रत्येक चौरस मीटरवर साडेपाच टनांच्या आसपास भार टाकतो. विमान वर चढताना धड किंचित फुगते, उतरताना पूर्ववत होते, आणि हे प्रत्येक फेरीला एकदा घडते. प्रवास अर्ध्या तासाचा असो की चौदा तासांचा, फुगणे एकदाच. गावोगाव थांबणाऱ्या एसटीच्या ब्रेकची झीज किलोमीटरवरून समजत नाही, तसेच हे आहे. पंखांचे गणित याहून निराळे असते, कारण त्यांना जमिनीवर असताना खाली आणि हवेत वर वाकवणारे भार सोसावे लागतात व त्यात प्रत्येक वावटळीची, प्रत्येक वळणाची भर पडते. त्यामुळे पंखांच्या बाबतीत तासांनाही अर्थ असतो, मात्र ते तास कोणत्या हवेत आणि किती उंचीवर गेले हे ठाऊक असेल तरच.

एका झटक्यात धातू मोडायला जितका भार लागेल त्यापेक्षा पुष्कळ कमी भार वारंवार देऊन तो मोडता येतो, आणि या क्रियेला धातूचा थकवा म्हणतात. काही पोलादांच्या बाबतीत एक मर्यादा अशी आढळते की भार तिच्या खाली राहिला तर तो कितीही वेळा दिला तरी तडा जात नाही. विमानात वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूंना अशी स्पष्ट मर्यादा नाही. भार लहान असला तर तडा उशिरा जाईल, इतकेच. तड्याची सुरुवात बहुधा भोकापाशी होते, कारण पत्र्यातून वाहणारा ताण भोकाला वळसा घालताना त्याच्या कडेला एकवटतो. आणि विमानाच्या धडात रिव्हेटांची भोके लाखोंनी मोजावी लागतात.

हे ज्ञान विमानउद्योगाला महागात पडले. जगातले पहिले जेट प्रवासी विमान ‘कॉमेट’ याची दोन विमाने १९५४ मध्ये, एक १० जानेवारीला एल्बा बेटाजवळ आणि दुसरे ८ एप्रिलला नेपल्सजवळच्या समुद्रावर, हवेतच फुटली. पहिल्याच्या १,२९० आणि दुसऱ्याच्या ९०० फेऱ्या झाल्या होत्या. दोन्ही विमाने कोणत्याही अर्थाने जुनी नव्हती. इंग्लंडमध्ये फार्नबरो येथे तिसऱ्या एका कॉमेटचे धड पाण्याच्या टाकीत बुडवून, आतल्या पाण्याचा दाब पुन्हा पुन्हा वाढवून व कमी करून उड्डाणांची नक्कल करण्यात आली. पाणी वापरण्याचे कारण असे की हवेप्रमाणे ते दाबले जात नाही, त्यामुळे धड फुटले तरी स्फोट होऊन पुरावा उधळला जात नाही. खऱ्या १,२२१ आणि नकली १,८३६ फेऱ्यांनंतर ते धड फाटले. उत्पादकाने आधी घेतलेल्या चाचणीत धडाने याच्या कितीतरी पट फेऱ्या सोसल्या होत्या. मात्र चाचणीच्या त्या भागाला आधी नेहमीच्या दुप्पट दाब देऊन पाहिलेला होता, आणि त्या जादा दाबाने भोकांच्या कडा किंचित ताणल्या जाऊन धातू थकव्याविरुद्ध उलट बळकट झाला होता. चाचणी खोटी नव्हती, ती वेगळ्याच धातूची झाली, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

कॉमेटनंतर ‘फेल-सेफ’ या तत्त्वाला मान्यता मिळाली. एक भाग मोडला तर शेजारच्या भागाने त्याचा भार उचलावा, अशी रचना करायची, हे ते तत्त्व. त्यातली उणीव १४ मे १९७७ रोजी झांबियातील लुसाका विमानतळाजवळ उघड झाली. लंडनहून माल घेऊन आलेल्या बोइंग ७०७ विमानाचा शेपटीकडचा उजवा आडवा पंख उतरण्याच्या वेळी गळून पडला आणि विमानातील सहाही जण मृत्युमुखी पडले. ४७,६२१ तास आणि १६,७२३ उतरणी झालेल्या त्या विमानाच्या शेपटीतील ‘स्पार’ला, म्हणजे पंखाचा भार पेलणाऱ्या मुख्य तुळईला, गेलेला तडा हजारो फेऱ्यांपासून वाढत होता. शेजारचे भाग भार उचलतच होते. परंतु एक भाग आधीच निकामी झालेला आहे हे कोणाला दिसेल अशी तपासणीच ठरवलेली नव्हती. जोडीदार मोडला हे कळलेच नाही, तर उरलेला एकटा भाग किती काळ पुरणार?

त्यानंतर १९७८ मध्ये अमेरिकेच्या नियमांत जी दुरुस्ती झाली, तिने अभियंत्यांची विचाराची दिशाच पालटली. तडा जाणारच, असे गृहीत धरायचे. तो किती लांबीचा झाला की उपकरणाला दिसेल आणि किती लांबीचा झाला की भाग मोडेल हे काढायचे. एका लांबीपासून दुसऱ्या लांबीपर्यंत जायला जितक्या फेऱ्या लागतील त्यांच्या काही अंशाइतक्या अंतराने तपासणी लावायची, म्हणजे एखाद्या खेपेला नजर चुकली तरी पुढच्या खेपेला तो सापडावा. या पद्धतीला ‘डॅमेज टॉलरन्स’, अर्थात नुकसान-सहिष्णुता, म्हणतात. तिच्यात विमानाची सुरक्षितता धातूच्या बळाइतकीच हँगरमध्ये रात्री बॅटरी घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेवर सोपवलेली आहे, ही गोष्ट प्रवाशांना सहसा ठाऊक नसते.

अलोहाच्या विमानाची कथा इथे महत्त्वाची ठरते, कारण नियम होते, तपासणी होती, आणि तरीही २४,००० फूट उंचीवर त्याच्या धडाच्या छताचा साडेपाच मीटर लांबीचा भाग उडून गेला. एका हवाई सेविकेचा मृत्यू झाला. ६५ जण जखमी झाले. वैमानिकांनी ते उघडे विमान माऊई बेटावरील काहुलुई येथे उतरवले. सुरुवातीच्या ७३७ विमानांत धडाचे पत्रे एकमेकांवर चढवून मधे चिकटद्रव्याचा पातळ थर दिला जाई आणि नंतर रिव्हेट मारले जात. ताण सगळ्या जोडभर पसरावा, हे काम चिकटद्रव्याचे होते. थंड तापमानात साठवावे लागणारे ते द्रव्य वापरताना त्यावर दव धरले तर ते नीट चिकटत नसे. समुद्राच्या खाऱ्या हवेत काही जोड सुटले, फटीत ओल शिरली, गंज धरला आणि सगळा ताण रिव्हेटांवर आला. पत्रा जेमतेम ०.९ मिलिमीटर जाडीचा. रिव्हेटाचे डोके पृष्ठभागाशी समपातळीत बसावे म्हणून भोकाचे तोंड उतरते कापलेले, त्यामुळे भोकाची आतली कड सुरीच्या धारेइतकी पातळ झालेली. अशा एकामागोमाग एक भोकांना बारीक बारीक तडे गेले. प्रत्येक तडा सुटा पाहिला तर निरुपद्रवी होता. पण ते सगळे एका ओळीत होते आणि शेवटी एकमेकांना मिळाले. या अवस्थेला आज ‘व्यापक थकवा’ असे नाव आहे, आणि एका तड्याचे वाढणे मोजून लावलेला हिशेब तिथे पार कोलमडतो.

याहून बोधप्रद बाब तपासणीच्या वेळापत्रकात होती. अलोहाने मोठ्या तपासणीसाठी धरलेले अंतर १५,००० तासांचे, म्हणजे उत्पादकाच्या २०,००० तासांच्या शिफारशीपेक्षा कडक होते. मात्र ती शिफारस ज्या विमानांना समोर ठेवून केली होती, त्यांच्यापेक्षा या बेटांवरची विमाने तासाला कितीतरी अधिक फेऱ्या मारत. साहजिकच फेऱ्यांच्या मापाने पाहिले तर दोन तपासण्यांमधले अंतर कमी न होता वाढले होते. कागदावर जी सावधगिरी होती ती प्रत्यक्षात ढिलाई ठरली, आणि ती कोणाच्या लबाडीने नव्हे तर माप चुकीचे निवडल्याने. अपघाताच्या उड्डाणासाठी हिलो विमानतळावर विमानात चढताना एका प्रवाशाला धडावर तडा दिसला होता, पण कोणाला सांगणे त्या व्यक्तीला सुचले नाही.

आज मोठ्या विमानाची सर्वांत सखोल तपासणी ‘डी चेक’ या नावाने ओळखली जाते. साधारण सहा ते बारा वर्षांनी येणाऱ्या या तपासणीत विमान कित्येक आठवडे हँगरमध्ये उभे राहते. आसने, गालिचे, छताचे पटल, स्वयंपाकघर, शौचालये सगळे बाहेर काढून आतला सांगाडा उघडा केला जातो, अनेकदा बाहेरचा रंगही खरवडला जातो. अनुभवी तंत्रज्ञ सर्वांत आधी स्वयंपाकघर आणि शौचालयांच्या खालच्या तुळयांकडे वळतात, कारण सांडलेला चहा, फळांचे रस आणि मैलापाणी वर्षानुवर्षे तिथे झिरपते आणि ॲल्युमिनिअमला आतून पोखरते. गंजाचा पांढुरका थर फुगून रिव्हेटांच्या मधला पत्रा उशीसारखा वर आलेला दिसतो. हाताच्या तळव्याला तो फुगवटा डोळ्यांआधी कळतो.

डोळ्याला न दिसणाऱ्या तड्यांसाठी ‘एडी करंट’ ही पद्धत सर्वाधिक वापरात आहे. बोल्ट काढून भोक साफ करतात, तारेचे सूक्ष्म वेटोळे बसवलेली पेन्सिलीएवढी सळई त्या भोकात फिरवत आत नेतात. वेटोळ्यातील बदलत्या विद्युतप्रवाहामुळे भोकाच्या भिंतीत भोवऱ्यासारखे प्रवाह निर्माण होतात आणि वाटेत तडा आला की त्यांना वळसा घालावा लागतो. तो वळसा पडद्यावर उसळी मारून दिसतो. उसळी तड्याची, ओरखड्याची की सळई तिरकी धरल्याची, हे ओळखणे मात्र यंत्राचे काम नाही. अशी शेकडो भोके एका पाळीत, बहुधा रात्री, मचाणावर वाकून तपासायची असतात आणि त्यांतली जवळजवळ सगळी निर्दोष निघतात. पंचाण्णवाव्या निर्दोष भोकानंतरही शहाण्णवाव्याकडे त्याच लक्षाने पाहणे, हीच या पेशाची खरी अवघड बाजू आहे. त्यात आणखी एक पेच असा की घट्ट बसलेला बोल्ट काढतानाच भोकाला ओरखडा जाऊ शकतो, म्हणजे तपासणीनेच पुढच्या तड्याचे बी पेरले जाण्याचा धोका असतो. ‘जितक्या जास्त तपासण्या तितके सुरक्षित’ हे म्हणणे म्हणूनच पूर्णांशाने खरे नाही.

जुन्या विमानाच्या अंगावर ठिगळेही असतात, आणि मूळ रचनेपेक्षा या दुरुस्त्याच पुष्कळदा अधिक धोक्याच्या ठरल्या आहेत. १२ ऑगस्ट १९८५ रोजी जपान एअरलाइन्सचे बोइंग ७४७ कोसळून ५२० जण दगावले, त्याचे मूळ १९७८ मध्ये शेपूट धावपट्टीला घासल्यानंतर मागच्या दाबरोधक भिंतीच्या झालेल्या सदोष दुरुस्तीत होते. जोडपट्टी दोन तुकड्यांत बसवल्याने जिथे रिव्हेटांच्या दोन ओळींनी भार घ्यायचा तिथे तो एकीवर आला. चायना एअरलाइन्सच्या ७४७ ची शेपूट १९८० मध्ये हाँगकाँगला घासली होती. खरवडलेला पत्रा पुरेसा कापून न काढता त्यावर दुसरा पत्रा चढवला गेला, तड्यांची वाढ त्या पत्र्याखाली झाकलेली राहिली, आणि २५ मे २००२ रोजी, बावीस वर्षांनंतर, तैवानच्या सामुद्रधुनीवर ते विमान फुटून २२५ जण गेले. दुर्घटनेच्या काही महिने आधी घेतलेल्या छायाचित्रांत त्या ठिगळाच्या कडेने तपकिरी डाग दिसतात; आतली हवा फटीतून बाहेर झिरपत असल्याची ती खूण होती. जुन्या विमानाच्या कागदपत्रांना हँगरमध्ये जवळजवळ विमानाइतकीच किंमत असते ती यामुळे. ज्या भागाचा पूर्वेतिहास हरवला तो दिसायला कितीही नवा असला, तरी नियमाने विमानात बसवता येत नाही.

लहान विमानांच्या जगात चित्र अधिक विस्कळीत आहे. ४ एप्रिल २०१८ रोजी फ्लोरिडातील डेटोना बीच येथे प्रशिक्षणाच्या पायपर ॲरो विमानाचा पंख उड्डाणानंतर लगेचच निखळून पडला आणि विद्यार्थी व परीक्षक दोघेही मरण पावले. विमान ७,६९० तासांचे होते. हा आकडा पायपर जातीच्या विमानांत असाधारण नाही. पण प्रशिक्षणाचे तास म्हणजे कमी उंचीवरची खडबडीत हवा आणि एकामागून एक उतरणी, ज्यांतल्या निम्म्या तरी नवशिक्या हातांनी केलेल्या. अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने काढलेल्या आणि २०२१ मध्ये लागू झालेल्या आदेशात याची दखल एका सूत्राने घेतली. भाड्याने व प्रशिक्षणासाठी झालेले तास पूर्ण धरायचे, उरलेल्या खासगी तासांना १७ ने भागायचे, आणि ही बेरीज ५,००० वर गेली की पंखाच्या स्पारची बोल्टभोके एडी करंटने तपासायची. रविवारी सकाळी शांत हवेत फिरणाऱ्या मालकाचा एक तास आणि शिकाऊ वैमानिकाचा एक तास यांत सतरा पट अंतर आहे, असे सरकारी कागदावर मान्य झाले. बारामती, धुळे, गोंदिया येथील प्रशिक्षणसंस्थांमध्ये दिवसभर ‘सर्किट’ मारणाऱ्या, म्हणजे उडून धावपट्टीला फेरी घालून पुन्हा उतरणाऱ्या विमानांचे तास याच भारी वजनाचे असतात.

लष्करी विमानांत हेच तत्त्व आणखी पुढे जाते, कारण तिथे तीव्र वळणांत पंखांवर येणारा भार वजनाच्या कित्येक पट असतो. म्हणून अनेक लढाऊ विमानांत असा भार किती वेळा आला हे मोजणारे उपकरणच बसवतात. रशियन बनावटीच्या विमानांना तासांबरोबर वर्षांचीही मुदत घातलेली असते, आणि ती संपली की विमान खोलून, तपासून, भाग बदलून नवी मुदत दिली जाते. नाशिकजवळच्या ओझर येथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा मिग कारखाना आणि हवाई दलाचा ११ क्रमांकाचा दुरुस्ती डेपो यांनी कित्येक दशके हे काम केले आहे. १९६३ मध्ये दाखल झालेली मिग-२१ ही जात सप्टेंबर २०२५ पर्यंत सेवेत राहिली. मात्र शेवटपर्यंत उडालेली विमाने १९६३ ची नव्हती, हे मिग-२१ वरच्या भावनाविवश लेखनात बहुधा निसटते. गोव्याच्या दाभोळी तळावर १९७७ पासून असलेल्या नौदलाच्या आयएल-३८ गस्ती विमानांपुढे प्रश्न निराळा होता. समुद्रावर खाली उतरून तासन्‌तास घिरट्या घालणाऱ्या विमानाला तीव्र वळणांपेक्षा मीठ अधिक छळते, आणि मीठ तर विमान जमिनीवर उभे असतानाही आपले काम करतच असते.

अधिक तासांचे विमान उडवणाऱ्या वैमानिकाला या सगळ्याचा अनुभव किरकोळ गोष्टींतून येतो. एकाच जातीची दोन विमाने वीस वर्षांनंतर सारखी राहत नाहीत. ठिगळे आणि रंगाचे थर यांनी वजन वाढते, म्हणून ठरावीक काळाने विमान पुन्हा तोलावे लागते. दारांच्या कडा आणि पंखांचे पृष्ठभाग पूर्वीइतके चपखल न बसल्याने हवेचा विरोध वाढतो आणि विमान कागदी आकड्यापेक्षा थोडे अधिक इंधन पिते, ते प्रत्येक विमानासाठी वेगळे नोंदवून हिशेबात धरतात. वैमानिकाकडून खरी अपेक्षा मात्र प्रामाणिकपणाची असते. आपटून झालेली उतरणी, ओलांडलेली वेगमर्यादा, वादळी हवेतला जोराचा हिसका नोंदवहीत लिहिला तर विशेष तपासणी होते, न लिहिला तर तो भार कोणाच्याच हिशेबात येत नाही.

२०११ पासून अमेरिकेत मोठ्या प्रवासी व मालवाहू विमानांच्या जातींना अखेर एक वरची मर्यादा घालण्यात आली. ती तास आणि फेऱ्या या दोन्हींत सांगितलेली असते आणि तिचा आधार लक्षात घेण्याजोगा आहे. या मर्यादेपलीकडे विमान मोडेल, असे ती म्हणत नाही. व्यापक थकवा येणार नाही असे दाखवणारा चाचण्यांचा आणि विश्लेषणाचा पुरावा इथपर्यंतच पोहोचतो, एवढेच ती म्हणते. उत्पादकाने आणखी पुरावा आणला तर मर्यादा पुढे सरकते. बहुतेक विमाने तिच्यापर्यंत पोहोचतच नाहीत, कारण पुढच्या डी चेकचा खर्च विमानाच्या किमतीहून जास्त व्हायला लागला की मालक ते विकतो किंवा मोडीत काढतो. इंजिने आणि चालू भाग विकले जातात, आणि निवडक निवृत्त विमानांचे जोड प्रयोगशाळेत एकेक रिव्हेट काढून उलगडले जातात. उडत्या विमानात जी भोके उघडता येत नाहीत ती तिथे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून, सापडलेल्या तड्यांची लांबी त्याच जातीच्या अजून सेवेत असलेल्या विमानांच्या तपासणीचे अंतर ठरवण्यासाठी वापरली जाते.